उत्सवानंतरचे रविवार

महिनाभर व्याख्याने, भजने, सहभोजने आखली की माणसे आपोआप जवळ येतात, असा उदारमतवादी धर्मसंस्थांचा जगभर समज असतो. तो पारखायला महाराष्ट्रात प्रार्थना समाजाइतके चांगले उदाहरण नाही. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंगांनी तो स्थापला. पुढे न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर त्याचे आधारस्तंभ झाले. गिरगावच्या मंदिरात मूर्ती नव्हती, दर रविवारी उपासना होई, तुकोबांच्या अभंगांवर निरूपण होई, वार्षिकोत्सवात कीर्तने आणि व्याख्याने रंगत. तरी समाज सुशिक्षितांच्या लहान वर्तुळाबाहेर फारसा गेला नाही. माझ्या मते कारण कार्यक्रमांच्या संख्येत नव्हते. उपासनेला बसलेल्या माणसाकडून समाजाने काय मागितले, यात होते.

त्याआधीच्या परमहंस सभेने फार मागितले होते. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव सभासदांसमक्ष खावा लागे. एका घासात जात मोडायची! पण सभा गुप्त होती, आणि सभासदांची नावे फुटताच ती मोडली. प्रार्थना समाज हा धडा घेऊन उघड उभा राहिला, पण जात सोडण्याची अट त्याने घातली नाही. घरचे संस्कार जुन्या रीतीने करूनही रविवारी मंदिरात येता येई. ही सवलत माणुसकीचीच होती. सोयरिकी तुटण्याची भीती खरी होती आणि धास्तावलेल्या माणसाला दाराबाहेर ठेवून कोणाचेच भले झाले नसते. पण जिथे कोणाला काही सोडावे लागत नाही, तिथे एकमेकांवाचून कोणाचे अडतही नाही.

हे सर्वांत नीट ओळखले विठ्ठल रामजी शिंदे यांनी. युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती पंथाच्या मदतीने ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दोन वर्षे शिकून १९०३ साली ते परतले आणि मुंबई समाजाचे प्रचारक झाले. उपासना, प्रवास, टपालाने उदार धर्माचे साहित्य पाठवणे, सगळे त्यांनी केले. मात्र १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला अस्पृश्य मुलांसाठी शाळा उघडून त्यांनी निराश्रित साह्यकारी मंडळीचे काम सुरू केले, तेव्हा कामाचा पोतच बदलला. बहीण जनाक्का त्यात उतरल्या. शाळेला सुट्टी देऊन उत्सव साजरा करता येतो, पण उत्सव झाला म्हणून शाळा बंद ठेवता येत नाही. हजेरी रोज घ्यावी लागते. १९०८ साली कोल्हापुरातही याच धर्तीवर अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, त्याला शाहू महाराजांचा पाठिंबा होता.

शाळा-वसतिगृहे म्हणजे समाजसेवा, त्यांत धर्म कुठे आला, असा आक्षेप कोणी घेईल. शिंद्यांना ही वाटणी मान्य नव्हती. अस्पृश्यता निवारण त्यांच्या लेखी धर्माचेच काम होते. दुसरा आक्षेप जड आहे. असे काम एका माणसाच्या खांद्यावर उभे राहते, आणि तो थकला किंवा बाजूला झाला की संस्थेला धाप लागते. १९१० साली शिंद्यांनी समाजाचे प्रचारकपद सोडले. व्याख्यानाला येणारे पुष्कळ असतात. रोज वर्गात उभे राहणारे थोडे, आणि त्यांच्या पोटापाण्याची तजवीज करणारे त्याहून थोडे. आज पन्हाळ्यासारख्या तीनेक हजार वस्तीच्या गडावर कोणी महिनाभराचा कार्यक्रम आखला, तर गर्दी जमायला वेळ लागणार नाही. तिथे माणसे एकमेकांना नावानिशी, घराण्यानिशी आणि म्हणूनच जातीनिशी ओळखतात. ओळख वाढवण्याचा प्रश्नच नाही. कोणाच्या ओसरीवर कोण बसतो, पंगतीत कोणाच्या हातचे वाढलेले चालते, हा प्रश्न आहे, आणि तो पत्रिकेवर छापता येत नाही. तो सोडवायला पुढचे अकरा महिने तिथे राहणारा माणूस लागेल. त्याचा खर्च कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात सहसा धरलेला नसतो.