वाळूला वाट देणारं बंदर

वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात गोण्यांची थप्पी छतापर्यंत गेली होती. गोण्यांवर शिक्का होता आयव्हरी कोस्टचा. बी फोडणाऱ्या बायकांच्या लेखी ती सगळी 'आफ्रिकेची बी'. कोकणातली बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही, म्हणून ही बोटीनं येते. ती निघते ते आबिदजान बंदर कसं आहे, हे शोधायला मी बसलो आणि वाळूतच अडकलो.

तिथला किनारा म्हणजे लांबच लांब सरळ पुळण, आत शांत खाजण आणि मधे वाळूची अरुंद पट्टी. बाहेर लाटांचा तडाखा असा की जहाज किनाऱ्याला लागणं अशक्य. तेव्हाच्या फ्रेंच राज्यकर्त्यांनी याच किनाऱ्यावरच्या ग्रँ-बासामला समुद्रात लोखंडी धक्का घातला. जहाजं दूर नांगर टाकत, माल होड्यांतून ये-जा करी आणि उतारूंना पाळण्यात बसवून यारीनं खाली सोडत. पट्टी फोडून जहाजं खाजणात आणायचा प्रयत्न १९०४ ते १९०७ या काळात झाला. खणलेलं तोंड वाळूनं बुजवून टाकलं. इथली लाट पुळणीची वाळू सतत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहून नेते. तिच्या वाटेत भोक पाडलं की ते भरणारच.

सुटका केली ती समुद्रतळाच्या एका घळईनं. आबिदजानसमोर किनाऱ्याला अगदी खेटून समुद्राचा तळ एकदम खोल जातो. फ्रेंच नाव 'त्रू सां फों', म्हणजे बिनबुडाचं भोक. खाजण समुद्राला जोडणारा व्रिदीचा कालवा मुद्दाम त्याच्या शेजारी खणला. पश्चिमेचा दगडी बांध वाळूला अडवतो, ओहोटीचं पाणी उरलेली वाळू बाहेर रेटतं आणि ती घळईत घरंगळते. सुमारे २.७ किलोमीटर लांब, ३७० मीटर रुंद असा हा कालवा १९५० मध्ये खुला झाला. वाळूशी झुंजत न बसता तिला पडायला जागा देणारी ही युक्ती मला फार आवडली.

पुढचा पसारा मोठा आहे. जगात सर्वांत जास्त कोको पिकवणाऱ्या देशाचं हे मुख्य बंदर. आबिदजानची रेल्वे १९५४ मध्ये वागाडुगूला पोचली आणि समुद्र नसलेल्या बुर्किना फासोला दार मिळालं. मोठ्या जहाजांसाठी कालवा आणखी रुंद आणि खोल केला, ते काम २०१९ मध्ये पुरं झालं.

पण घळईत गेलेली वाळू पुढच्या गावाला मिळत नाही. कालव्याच्या पूर्वेला पोर्ट-बुए आहे. तिथली पुळण झिजत आली, उधाणात लाटा घरांत शिरतात. पाण्याचंही तेच झालं. खाजणाला व्रिदीची सोपी वाट मिळाली, तशी ग्रँ-बासामजवळ समुद्राला मिळणाऱ्या कोमोए नदीच्या तोंडाशी ओढ कमी झाली. ते तोंड वाळूनं बुजत गेलं. खाडीच्या मुखाशी गाळ साचला की होडी बाहेर काढायची कशी, ही विवंचना कोकणातल्या मच्छीमाराला वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणून ही गोष्ट मला दूरची वाटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तिथे समुद्रात भराव पडणार, लाटा अडवणारा बांध उभा राहणार. जहाजं किती मोठी येतील, याची चर्चा भरपूर होते. बांधाच्या पलीकडच्या गावांची वाळू कुठे जाईल, हे डहाणूच्या मच्छीमारांना बांध उभा राहण्याआधी कळायला हवं. पोर्ट-बुएच्या लोकांना ते घरात पाणी शिरल्यावर कळलं.