मूठभर तांदळावर उभी राहिलेली मंडळी
धर्मप्रसाराच्या वाटा : लेखांक ६

कोरियाच्या खेड्यांत प्रॉटेस्टंट पंथाची पुस्तके आधी पोहोचली, मिशनरी नंतर. परदेशी माणसाला देशात मज्जाव होता, तेव्हा जॉन रॉस हा स्कॉटिश मिशनरी शेजारच्या मांचुरियात मुकदेन येथे राहत असे. व्यापारासाठी सरहद्द ओलांडणाऱ्या कोरियन लोकांना हाताशी धरून त्याने नव्या कराराचे भाषांतर केले. लूक आणि योहान यांची शुभवर्तमाने १८८२ मध्ये छापली गेली, संपूर्ण नवा करार १८८७ मध्ये. भाषांतर हांगुल लिपीत होते. चिनी अक्षरांत मुरलेले पंडित या लिपीला बायकापोरांची लिपी म्हणून हिणवत. पण साधा शेतकरी ती थोड्या दिवसांत शिकू शकत असे. रॉसचा एक सहकारी सो सांग-र्‍युन ही पुस्तके घेऊन मायदेशी परतला आणि पश्चिम किनाऱ्यावरील सोराए या गावी भाविकांचा एक गट तयार झाला. अमेरिकन मिशनरी होरेस अंडरवुड १८८५ मध्ये कोरियात उतरला, तेव्हा खेड्यात बी रुजलेले होते. पुढे सोराएचेच लोक बाप्तिस्मा मागायला सोलला त्याच्याकडे आले.

अंडरवुडसारख्या तरुण मिशनऱ्यांपुढे प्रश्न होता तो पैशाचा. चीनच्या शांडोंग प्रांतात अनेक वर्षे काम केलेला जॉन नेव्हियस १८९० मध्ये सोलला येऊन सुमारे दोन आठवडे राहिला आणि त्याने आपला अनुभव मांडला. मिशनच्या पगारावर नेमलेला नवख्रिस्ती गावाच्या नजरेत परक्यांचा नोकर ठरतो. पगार थांबला की प्रचारही थांबतो, आणि पोटार्थी अनुयायी तेवढे जमतात. म्हणून त्याचा सल्ला असा : शेतकऱ्याने शेतकरीच राहावे, दुकानदाराने दुकानच चालवावे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत आपला धर्म सांगावा. प्रार्थनामंदिर गावाने स्वतःच्या पैशाने, गावच्याच पद्धतीने बांधावे. पाळकाचा खर्च झेपेल तेव्हाच पाळक नेमावा. अंडरवुडच्या प्रेस्बिटेरियन मिशनने हेच धोरण धरले.

प्रत्यक्षात काम चाले ते असे. मिशनरी वर्षातून एकदोनदा फेरीवर येई. एरवी अनेक गावांची देखरेख एक कोरियन मदतनीस करी. बैठक बहुधा घराच्या सारांगबांगमध्ये, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत भरे. बायकांच्या खोल्यांत परक्या पुरुषाला जाता येत नसे. तिथे बायबल-बाई, म्हणजे पवित्र शास्त्र सांगणाऱ्या कोरियन स्त्रिया जात. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावली की पवित्र शास्त्राचे वर्ग भरत. लोक शिधा पाठीवर बांधून मैलोन्‌मैल चालत येत आणि शिकून गेलेला माणूस आपल्या गावी इतरांना शिकवी. खर्चाची तोंडमिळवणी स्वयंपाकघरापासून सुरू होई. भात शिजवताना गृहिणी थोडे तांदूळ वेगळ्या भांड्यात टाके आणि साठलेले तांदूळ मंडळीला, म्हणजे गावच्या ख्रिस्ती समुदायाला, अर्पण करी. या दानाला ‘सोंगमी’ म्हणत.

गावच्या पद्धतीचे मंदिर कसे असे, हे दक्षिणेकडील गिमजे भागातल्या गुमसान येथे आजही दिसते. १९०८ मधील ही लाकडी इमारत काटकोनात वळलेली आहे. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया आणि कोपऱ्यावर उपदेशक, अशी रचना. त्यामुळे स्त्रीपुरुषांनी समोरासमोर न बसण्याचा रिवाज मोडत नसे. मात्र सगळेच रिवाज तसे टिकले नाहीत. या मंडळीत जमीनदार जो दोक-साम आणि त्याच्या घरचा नोकर ली जा-इक हे दोघेही होते. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ‘वडिला’च्या (एल्डरच्या) पदासाठी मते पडली तेव्हा निवड नोकराची झाली. जमीनदाराने ती मानली, पुढे त्याला प्याँगयांगच्या धर्मशास्त्र शाळेत शिकायला पाठवले आणि तो पाळक झाल्यावर त्यालाच गुमसानला बोलावून घेतले.

मंडळ्या वाढल्या याचे सारे श्रेय नेव्हियसच्या पद्धतीला देता येत नाही. वायव्येकडे उमरावांचा पगडा कमी होता, व्यापारी आणि स्वतंत्र शेतकरी अधिक होते. तिथे मंडळ्या झपाट्याने वाढल्या. १८९४ मध्ये चीन-जपान युद्धाची लढाई प्याँगयांगला झाली, तेव्हा शहरातले ख्रिस्ती लोक खेड्यांत पांगले आणि त्यांच्याबरोबर धर्मही पांगला. शिवाय इस्पितळे आणि वरच्या शाळा परदेशी पैशावरच चालत. स्वावलंबनाचा नियम मुख्यतः गावच्या मंडळीपुरता होता.

तिथे मात्र तो टिकला. १९०७ मध्ये पहिल्या सात कोरियन प्रेस्बिटेरियन पाळकांना दीक्षा मिळाली आणि त्यांतल्या यी गी-पुंग याला जेजू बेटावर धाडण्यात आले. १९१२ मध्ये कोरियन प्रेस्बिटेरियन मंडळ्यांची महासभा स्थापन झाली. तोवर देश जपानच्या ताब्यात गेला होता. तरीही पुढच्याच वर्षी या महासभेने आपले तीन मिशनरी परदेशी पाठवले. ते गेले चीनच्या शांडोंग प्रांतात, म्हणजे नेव्हियसच्याच कार्यक्षेत्रात.