स्मृतीची छाटणी आणि मोड्यूलचा दोष

खालापूरच्या तहसील कचेरीत जुने दप्तर छाटणाऱ्या कारकुनास, ज्या कागदाचा दाखला कोणत्याही चालू नोंदवहीत नाही तो रद्दी समजावा, असा हुकूम आहे अशी कल्पना करा; म्हणजे एखादा फेरफार रुजू होण्यापूर्वीच छाटणी झाली, तर निर्दोष कागद कसा नष्ट होतो हे ध्यानी येईल.

जीसीसी या १९८७ पासूनच्या मुक्त कम्पायलरची स्मृतिव्यवस्था अशीच चालते. ‘जीटीवाय’ अशी खूण केलेल्या मूळ चलांपासून जेथवर पोचता येते तेवढे राखायचे, बाकीचे मोकळे करायचे. २०२१ च्या अकराव्या आवृत्तीत सी प्लस प्लस भाषेची मोड्यूले, म्हणजे आधीच संकलित करून फायलीत ठेवलेले कोडचे भाग, आली. त्यांच्या फायलीतून घोषणा वाचल्या जात असताना घोषणेच्या अर्धवट वृक्षाचा (कम्पायलरच्या अंतर्गत मांडणीचा) पत्ता केवळ स्थानिक चलात असला आणि तेवढ्यात छाटणी झाली, तर कम्पायलर पुढे भलत्याच ठिकाणी कोसळतो. छोट्या प्रोग्रामात छाटणीची वेळच येत नाही, म्हणून हा दोष फार काळ दडून राहतो.

तो शोधण्याची मला अतिशय आवडणारी युक्ती अशी, की छाटणी केव्हा व्हावी हे ठरवणारी ‘जीजीसी-मिन-एक्स्पांड’ व ‘जीजीसी-मिन-हीपसाइज’ ही दोन्ही परिमाणे शून्य करावीत. मग प्रत्येक संधीस छाटणी होते, काम अत्यंत मंदावते, पण दोष उघडा पडतो. त्यानंतर तो पत्ता खूण केलेल्या जागतिक चलात ठेवावा, अथवा वाचन पुरे होईतो छाटणी तहकूब ठेवावी.

हा विषय खोलात शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी, पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतरंगावर शिकवलेले अवश्य अभ्यासावे.