वेचणीच्या आठवड्यातल्या तीन संध्याकाळी

नोव्हेंबरअखेर घाटंजी तालुक्यात कापूस वेचणीची धांदल असते. आपल्या आयाबहिणी कमरेला ओटी बांधून सकाळीच शेतात जातात. मजुरी किलोवर मिळते, म्हणून मुलांनाही सोबत न्यावेसे वाटते. तो मोह आपण टाळू या आणि तीन संध्याकाळी मुलांसाठी राखू या. खर्च काहीच नाही.

२६ तारखेला संविधान दिन. १९४९ साली याच दिवशी संविधान सभेने संविधान स्वीकारले. जेवणे उरकल्यावर मुलीने पाठ्यपुस्तकातली उद्देशिका मोठ्याने वाचावी, घरच्यांनी ऐकावी. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क कलम २१-अ ने दिला आहे, हेही तिला सांगावे.

२८ तारखेला महात्मा फुले यांचा स्मृतिदिन. ते १८९० साली गेले. विहारात जमून त्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची दोन पाने वाचावीत.

रविवारी आपल्या शेजारच्या टिपेश्वर जंगलाची गोष्ट सांगावी. २०१९ साली तिथला एक तरुण वाघ तेलंगणात शिरून पुढे बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याची १३०० किलोमीटरहून अधिक चाल नोंदली गेली.

सोमवारी मात्र दप्तर भरून मुलांना शाळेतच पाठवावे. चार किलोंची वेचणी बुडेल. आम्ही म्हणतो, बुडू द्या.