बंदूकधारक वारल्यावर…

शस्त्रपरवाना व्यक्तीच्या नावावर असतो. धारकाच्या मृत्यूनंतर तो आपोआप वारसाकडे येत नाही, मृत्युपत्रात शस्त्राचा उल्लेख असला तरीही.

• जमा करा : शस्त्र अधिनियम, 1959च्या कलम 21नुसार शस्त्र आणि काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत. आधी ठाण्यात कळवावे. शस्त्र स्वतः हाताळू नये. पावती जपून ठेवावी.

• ठेवायचे असेल तर : वारसाने स्वतःच्या नावावर परवाना मागावा. शस्त्र नियम, 2016मध्ये वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे करावा. अर्जदाराचे वय किमान 21 हवे.

• नको असेल तर : परवानाधारकाला विकता येते, रक्कम वारसाला मिळते. विहित मुदतीत निर्णय न घेतल्यास शस्त्र सरकारजमा होऊ शकते.

• मर्यादा दोनच : 2019च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला, वारसाहक्काची धरूनही, सर्वसाधारणपणे दोनच बंदुका बाळगता येतात.

• शिक्षा : विनापरवाना बंदूक बाळगल्यास 2 ते 5 वर्षे कैद आणि दंड. ‘आजोबांची आठवण’ हा बचाव ठरत नाही.