पाण्यातील क्रोमियम आणि मर्यादेचा आकडा

बडोदे शहराला पिण्याचे पाणी मुख्यतः दोन ठिकाणांहून मिळते: आजव्याच्या सयाजी सरोवरातून आणि मही नदीच्या पात्रात खोदलेल्या विहिरींतून. दांडिया बाजारातील जुन्या मराठी घराण्यांना आजव्याचे नाव सयाजीराव महाराजांच्या काळापासून परिचयाचे आहे. नळाचे पाणी कोठून येते, ते शुद्ध करण्याचे आणि तपासण्याचे काम कोणाकडे आहे, हे नागरिकाला विचारता येते. कूपनलिकेच्या पाण्याचे तसे नसते. ते ज्याच्या अंगणात निघते, त्याचीच ती जबाबदारी होऊन बसते. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला आणि त्यानंतर शहराभोवती रसायनांचे उद्योग वाढत गेले. अशा शहरात हा फरक लहान म्हणता येणार नाही.

शहराच्या वायव्येकडील गोरवा भागात क्रोमियमची लवणे तयार करणाऱ्या एका कारखान्याचा हजारो टन कचरा साठून राहिला होता. घातक कचऱ्यावर देखरेख ठेवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली एक समिती नेमली. तिने २००४ साली या कचऱ्याची दखल घेतली. हा कचरा कसा निर्माण होतो, हे समजणे कठीण नाही. क्रोमाइट नावाचे खनिज सोडा आणि चुना यांच्यासह भट्टीत भाजतात व नंतर पाण्याने धुऊन त्यातील क्रोमेट काढून घेतात. त्यापासून कातडी कमावण्याची, मुलामा देण्याची आणि रंगांची रसायने बनतात. धुऊन उरलेल्या चोथ्यात थोडे क्रोमेट राहतेच. तो चोथा उघड्यावर पडला, की दर पावसाळ्यात ते विरघळून जमिनीत झिरपते आणि भूजलास मिळते.

क्रोमियमची दोन रूपे येथे लक्षात घेतली पाहिजेत. त्रिसंयुजी क्रोमियम मातीला चिकटून राहते आणि शरीरात फारसे शोषले जात नाही. षट्‌संयुजी क्रोमियम मात्र पाण्यात सहज विरघळते आणि त्याबरोबर दूरवर जाते. त्याची रचना सल्फेटसारखी असल्यामुळे शरीरातील पेशी त्याला सल्फेट समजूनच आत घेतात, आणि आत गेल्यावर ते आनुवंशिक द्रव्याला इजा करते. कारखान्यातील कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोके पडणे, कातडीवर व्रण होणे आणि फुप्फुसाचा कर्करोग होणे हे त्याचे परिणाम पुष्कळ वर्षांपासून माहीत आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली त्याची गणना मानवात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांत केली.

एखादे द्रव्य विषारी आहे एवढ्यावर सरकारचे काम भागत नाही. त्याला चार प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. द्रव्यामुळे कोणता अपाय होतो? किती मात्रेने किती अपाय होतो? लोकांच्या शरीरात ते किती आणि किती काळ जाते? आणि या तिन्हींचा मेळ घातल्यावर धोका किती उरतो? या चार पायऱ्यांनंतरच मर्यादेचा आकडा येतो. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, आणि यात कोणतीही सवलत नाही. वीस लिटरच्या हंड्यात एक मिलिग्रॅम, असे त्याचे माप होते.

हा आकडा नवा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९५८ च्या मानकांत षट्‌संयुजी क्रोमियमसाठी तोच होता. त्या काळी श्वासावाटे होणारा अपाय ठाऊक होता. पोटावाटे होणाऱ्या अपायाविषयी मात्र मतभेद होते, कारण जठरातील आम्ल या क्रोमियमचे निरुपद्रवी रूपात परिवर्तन करते असे मानले जाई. पुढे अमेरिकेत उंदरांना दोन वर्षे क्रोमेटयुक्त पाणी पाजून प्रयोग झाले आणि त्यांचा अहवाल २००८ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या मात्रा दिलेल्या प्राण्यांत तोंडाचे व लहान आतड्याचे कर्करोग आढळले. २०२४ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आपल्या मूल्यमापनात पिण्यावाटेही हे द्रव्य मानवात कर्करोग घडविण्याचा संभव आहे असा निष्कर्ष दिला.

मर्यादा कशी ठरते, हे कॅलिफोर्नियाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तेथे २०११ साली केवळ आरोग्याचा विचार करून षट्‌संयुजी क्रोमियमसाठी लिटरमागे ०.००००२ मिलिग्रॅम हे ध्येय ठेवण्यात आले. २०२४ साली कायद्याने बंधनकारक केलेली मर्यादा मात्र ०.०१ मिलिग्रॅम आहे. दोहोंत पाचशे पटींचे अंतर आहे. पाणी शुद्ध करण्याचा खर्च आणि उपलब्ध साधने यांनी ते अंतर निर्माण केले. यात लबाडी नाही. पण नागरिकाने हे ओळखले पाहिजे, की कायद्याचा आकडा हा निर्धोकपणाचा दाखला नसून ज्ञान, खर्च आणि शक्यता यांच्यातील तडजोड असतो. म्हणूनच नवे ज्ञान आले, की जुना आकडा पुन्हा तपासून पाहण्याची मागणी करणे रास्त ठरते.

घरातील माणसाने काय करावे? कारखान्याच्या परिसरात कूपनलिकेचे पाणी पिण्यास वापरले जात असेल, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत क्रोमियमची तपासणी करून घ्यावी. डोळ्यांवर विसंबू नये; पाणी पिवळसर दिसू लागते तेव्हा मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. उकळण्याने क्रोमियम जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. व्युत्क्रम परासरणाच्या, म्हणजे आरओच्या, यंत्राने ते बरेचसे कमी होते; परंतु घरोघरी यंत्रे बसली म्हणून जमिनीतील चोथा नाहीसा होत नाही. तो हलविणे, झाकणे आणि खालच्या भूजलावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणे हे सार्वजनिक काम आहे, आणि त्याचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसावा हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले आहे.

मानकाच्या पुस्तकातील आकडा बडोद्यास आणि मुंबईस सारखाच लागू आहे. परंतु जे पाणी कोणी तपासतच नाही, त्याला त्या आकड्याचे संरक्षण मिळत नाही. आजव्याच्या पाण्याविषयी जो प्रश्न दांडिया बाजारातील रहिवासी हक्काने विचारू शकतो, तोच प्रश्न गोरव्यातील कूपनलिकेच्या धन्यालाही विचारता आला पाहिजे, आणि त्याला लेखी उत्तर मिळाले पाहिजे.