बसमार्गिकेत मोटार नेल्यास कायदा काय सांगतो?

दसरा पाहण्यासाठी महाराष्ट्रातून स्वतःच्या मोटारीने म्हैसूरला जाणाऱ्यांना राजवाड्याच्या परिसरात दरवर्षी वाहतुकीचे निर्बंध पाळावे लागतात. काही रस्ते एकेरी होतात, तर काही ठराविक वेळी बंद असतात. एखाद्या वर्गाच्या वाहनांना रस्त्यावर मज्जाव करण्याचा हा अधिकार मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 115 मध्ये आहे. बससाठी स्वतंत्र मार्गिका राखतानाही याच कलमाचा आधार मिळतो.

या कलमानुसार निर्बंधासाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि रस्त्यावर कलम 116 प्रमाणे योग्य चिन्हे लावावी लागतात. निर्बंध एका महिन्याहून अधिक नसेल तर अधिसूचनेची गरज नाही. स्थानिक प्रसिद्धी मात्र द्यावी लागते. निळ्या वर्तुळातील पांढरे बसचे चित्र हे आदेशात्मक चिन्ह आहे. फलकावरील कन्नड मजकूर वाचता आला नाही, तरी चित्राचा अर्थ सर्व राज्यांत एकच असतो.

चिन्हाची अवज्ञा हा कलम 119 चा भंग ठरतो. त्यासाठी कलम 177 खाली पूर्वी पहिल्या वेळी 100 रुपयांपर्यंत दंड होता. 1 सप्टेंबर 2019 पासून तो 500 आणि पुढील गुन्ह्यासाठी 1,500 रुपयांपर्यंत झाला. वाहनचालनाच्या विनियमांचा भंग झाल्यास कलम 177 अ प्रमाणे 500 ते 1,000 रुपये दंडाची तरतूद आहे. पोलिसाने बाहेर पडण्याचा कायदेशीर आदेश देऊनही न ऐकल्यास कलम 179 लागू शकते आणि तेथे दंड 2,000 रुपयांपर्यंत जातो. जागेवर भरावयाची तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवते. त्यामुळे कर्नाटक आणि महाराष्ट्रातील आकडे सारखेच असतील असे गृहीत धरू नये. मार्गिकेच्या शिस्तीचा भंग कॅमेऱ्याने टिपून चलान पाठवण्याची सोयही 2021 च्या केंद्रीय नियमांत करण्यात आली.

रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु रुग्णवाहिकेच्या पाठोपाठ बसमार्गिकेत शिरण्याची मुभा त्यातून कोणाला मिळत नाही. ही पळवाट आपल्याकडे बरीच लोकप्रिय आहे.

पुण्यात डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातील पहिला बीआरटी प्रयोग सुरू झाला. तेथे दुचाकी आणि मोटारींची घुसखोरी नेहमीचीच होती. मध्यभागी असलेल्या थांब्याकडे जाणाऱ्या पादचाऱ्याला त्या मार्गिकेतून केवळ बस येणार असे वाटते. भरधाव दुचाकी आली की त्याचा अंदाज चुकतो. पाचशे रुपयांपेक्षा हा धोका मोठा आहे.

दिल्लीत हा वाद न्यायालयात गेला. आंबेडकर नगर ते मूलचंद या 5.8 किलोमीटरच्या मार्गावर जुलै 2012 मध्ये उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने इतर वाहनांनाही बसमार्गिका खुली केली. ऑक्टोबर 2012 मध्ये मात्र मूळ याचिका फेटाळली गेली आणि मार्गिका पुन्हा बससाठी राखली गेली. पुढे 2016 मध्ये सरकारने तो मार्गच मोडून टाकला.

म्हैसूरने वेगळी वाट धरली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या ज्या शाश्वत नागरी वाहतूक प्रकल्पात पिंपरी-चिंचवडच्या बीआरटीचा समावेश होता, त्यातूनच म्हैसूरमध्ये 2012 साली शहर बसगाड्यांवर जीपीएस आणि थांब्यांवर आगमनाची वेळ दाखवणारे फलक बसवण्यात आले.